खेळत असतानाच कॅमेरा घ्यायचा असेल तर

डिचोली तालुक्यातल्या एका तरुण खेळाडूचा प्रश्न आहे. वय २२, गोवा प्रोफेशनल लीगमध्ये लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचावपटू म्हणून फुटबॉल खेळतो. दोन वर्षं फोनवर फोटो काढतोय, ६० हजार रुपये साठवलेत. कोच म्हणतात लक्ष उडेल, घरचे म्हणतात एक काय ते धर. तो विचारतो: दोन्ही जमतं का, कॅमेरा कुठला घेऊ, आणि कोचना सांगू की गुपचूप घेऊ?

दादा म्हणून हाक मारलीस, तेव्हा अरेतुरेच करतो. मी ११ वर्षं पैसे घेऊन फुटबॉल खेळलो, स्टॉपर म्हणून, म्हणजे बचावफळीच्या मधोमध. त्यातली शेवटची चार वर्षं सकाळी सराव आणि संध्याकाळी कॅमेरा अशी गेली. २०१६ मध्ये, ३१व्या वर्षी बूट ठेवले आणि तेव्हापासून फोटोंवर घर चालवतो. म्हणजे तू आज जिथे उभा आहेस तिथे मी चार वर्षं उभा होतो. त्या चार वर्षांतल्या चुका अजून लख्ख आठवतात, म्हणून जरा लांबलचक लिहितोय.

आधी वेळेचं बोलू, कारण कोच आणि घरचे दोघेही त्यावरच बोट ठेवतात. खरं सांगायचं तर खेळाडूकडे वेळ असतो. सकाळी सातला सराव, दहा-साडेदहाला घरी, जेवण, झोप. चारनंतर बहुतेक मुलं मोबाईल घेऊन पडून असतात. त्याच वेळी आपल्याकडे उजेड सगळ्यात चांगला असतो. दिवसाचे दोन तास तुला सहज मिळतील. तेवढ्याने कुणाचा खेळ बिघडला असं मी तरी पाहिलेलं नाही.

बिघडतं ते वेगळ्या ठिकाणी. टचलाइनची, म्हणजे मैदानाच्या लांब कडेच्या रेघेची, रुंदी नियमाप्रमाणे जास्तीत जास्त १२ सेंटिमीटर. खेळाडू तिच्या आत, फोटोग्राफर तिच्या बाहेर. रेघ एवढीशी, पण दोन्हीकडच्या माणसांची नाती पार वेगळी. आतला माणूस सोबत्यांसाठी अंग टाकतो. बाहेरचा त्याच सोबत्यांकडे बघतो, त्यांची निवड करतो, त्यांच्या पडण्याचीसुद्धा वाट बघतो. एकाच मैदानावर, एकाच आठवड्यात, त्याच माणसांशी दोन्ही नाती ठेवायला गेलास की कुठेतरी फाटतं. तुझी खरी अडचण ही आहे, आणि कुठलाही कॅमेरा घेतलास तरी ती सुटणार नाही. रोज घरातून निघताना आज रेघेच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं ते ठरवावं लागेल. एकदा ठरवलं की संध्याकाळपर्यंत बाजू बदलायची नाही.

हे मी कसं शिकलो ते सांगतो. २०१३ची गोष्ट. एक महत्त्वाचा सामना आम्ही शेवटच्या मिनिटात हरलो. ड्रेसिंग रूममध्ये आमचा तरुण गोलकीपर कोपऱ्यात बसला होता, ग्लोव्हज न काढता दोन्ही हात तोंडावर धरून. वरच्या झरोक्यातून उजेडाची एक पट्टी नेमकी त्याच्या ग्लोव्हजवर पडलेली. माझ्या पिशवीत कॅमेरा होता. मी काढला, एकच फ्रेम घेतली. फोटो उत्तम होता. मी तो फक्त एका मित्राला दाखवला, त्याने आणखी एकाला पाठवला, आणि संध्याकाळपर्यंत त्या मुलाच्या वाड्यावरच्या प्रत्येक फोनवर तो पोहोचला.

तो माझ्याशी भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. पुढचे तीन महिने तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. आता तू लेफ्ट बॅक आहेस, तुला समजेल. स्टॉपर आणि कीपर यांच्यात एका शब्दाचा व्यवहार असतो. कॉर्नर आला, बॉल दोघांच्या मध्ये पडतोय, तो "माझा" म्हणाला की मी सोडायचा, मी म्हणालो की त्याने थांबायचं. तो शब्द उशिरा येऊ लागला. अर्ध्या सेकंदाने, तेवढाच. त्या अर्ध्या सेकंदात आम्ही दोन गोल खाल्ले. कोचना वाटलं सराव कमी पडतोय. आम्हा दोघांना कारण माहीत होतं.

म्हणून माझा पहिला आणि सगळ्यात ठाम सल्ला: ज्या संघात खेळतोस त्या संघाचे फोटो, खेळतोयस तोवर, काढू नकोस. सामन्याचे नाहीत, सरावाचे नाहीत, ड्रेसिंग रूमचे तर मुळीच नाहीत. कुणी स्वतःहून म्हणालं, "बाबा, माझा एक चांगला फोटो काढ, घरी लावायचाय," तर आनंदाने काढ, आणि तो फोटो आधी त्यालाच दे. बाकी कॅमेरा त्या दारातून आत न्यायचा नाही.

तू म्हणशील, मग मी काढू तरी काय? मला तर खेळाचेच फोटो काढायचेत.

इथे थोडं मागे जाऊन सांगतो. २०१२ मध्ये माझ्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशननंतर नऊ महिने मैदान बंद. माझं आजोळ माशेलचं. आषाढी एकादशीला तिथल्या देवकीकृष्णाच्या देवळात चोवीस तासांचं भजन उभं राहतं आणि दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, समोरच्या मैदानात चिखलकालो, म्हणजे चिखलातले खेळ. लहानपणी मीही अंगाला तेल फासून त्या चिखलात लोळलोय. त्या वर्षी गुडघ्याला पट्टा होता म्हणून कडेला उभा होतो. आतेभावाने आपला कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि स्वतः चिखलात उडी मारली.

मी सहज फोटो काढत गेलो. संध्याकाळी बघतो तर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. माणूस घसरण्याच्या नेमक्या आधीचे, तोल जातोय पण अजून गेलेला नाही अशा क्षणाचे पंधरावीस फोटो होते. आतेभाऊ तीन वर्षं कॅमेरा वापरत होता, त्याला असा एकही मिळाला नव्हता. मला का मिळाले याचा मी बराच विचार केला. उत्तर साधं होतं. बचाव करणाऱ्याला पहिल्या दिवसापासून शिकवतात की समोरच्याचे पाय बघू नकोस, बॉल बघू नकोस, कंबर बघ. पाय फसवतात, खांदे फसवतात, कंबर फसवत नाही. जिथे कंबर वळते तिथेच माणूस जातो. मी चिखलातल्या लोकांच्या कंबरा बघत होतो आणि ती वळली की बोट दाबत होतो.

याचं गणित लक्षात घे, कारण तुझी सगळी जमेची बाजू यात आहे. डोळ्याने पाहून बोट दाबायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात. जोरात धावणारा खेळाडू सेकंदाला ८ मीटर जातो, म्हणजे तेवढ्या वेळात तो दीड मीटरहून पुढे गेलेला असतो. घडलेलं पाहून जो बटण दाबतो त्याला घडून गेलेलंच मिळतं. आधीच दाबावं लागतं, आणि काय घडणार ते कळायला तो खेळ अंगात असावा लागतो. सेकंदाला वीस फ्रेम काढणारे कॅमेरे आल्यापासून लोकांना वाटतं की याची गरज संपली. वीस फ्रेममधून एक तीक्ष्ण फ्रेम मिळते हे खरं. पण कॅमेरा कुणावर रोखून धरायचा ते मशीन सांगत नाही.

तर तू काय काढावंस? तुझ्याच तालुक्यात शिगम्याला, म्हणजे आपल्या होळीच्या सणाला, घोडेमोडणी होते. कंबरेला लाकडी घोडा बांधलेला, हातात तलवार, ढोल-ताशांवर माणूस गावाच्या सीमेपर्यंत धावत जातो. सगळं शरीर घोड्यामागे झाकलेलं आणि चाल सगळी कंबरेत. तुझ्या डोळ्याला याहून चांगला सराव मिळणार नाही. साखळीचा वीरभद्र आहे, देवाचं सोंग घेऊन केलेला नाच, रात्रीचा, कमी उजेडातला, अवघड. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढणारी माणसं आहेत. त्यांचं वजन टाकणं, टाच रुतवणं हे सगळं आपल्याच ओळखीचं आहे. पावसाळी भात कापून झालं की रिकाम्या शेतात पोरांचे सामने रंगतात, तेही काढ. पण मुलं लहान आहेत, तेव्हा आधी त्यांच्या घरच्यांना किंवा शिकवणाऱ्याला विचारायचं, आणि विचारल्याशिवाय कुठेही टाकायचे नाहीत.

आणि ज्या माणसांकडे सामन्याच्या दिवशी कुणी बघत नाही, ती माणसं. सकाळी मैदानावर चुना ओढणारा. जाळी बांधणारा. चौदा-पंधरा मळक्या जर्सींचा गठ्ठा धुऊन वाळत घालणारी बाई. हे तुझे सोबती नाहीत, प्रतिस्पर्धी नाहीत, आणि तू त्यांना रोज भेटतोस. विचारून काढ. माझ्या सगळ्या कामातला मला सर्वांत जवळचा फोटो एका चुना ओढणाऱ्या काकांच्या पायांचा आहे. रेघ पांढरी, पाय पांढरे, बाकी सगळी जांभ्याची लाल माती.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. तू २२ वर्षांचा आहेस. वरच्या लीगच्या संघाकडून चाचणीसाठी बोलावणं येण्याची खरी शक्यता असेल तर पुढची दोन वर्षं फुटबॉलला झुकतं माप दे आणि कॅमेरा आठवड्यातून एक-दोन संध्याकाळींपुरताच ठेव. बूट घालायची वर्षं मोजकी असतात, फोटोग्राफी चाळिशीतही वाढते. पण दोन-तीन हंगाम त्याच पातळीवर गेले असतील तर हिशोब बदलतो. २०१६ मध्ये गोव्यातल्या तीन नावाजलेल्या क्लबांनी आय-लीग ही देशपातळीवरची स्पर्धा सोडली, तेव्हा कितीतरी चांगल्या मुलांना एकदम दुसरं काहीतरी शोधावं लागलं. ज्यांच्या हातात दुसरं काम आधीपासून होतं ती सावरली. घरी तुझ्या पगाराची गरज किती आहे, हेही तुलाच माहीत. घर त्यावर चालत असेल तर साठवलेले सगळे पैसे कॅमेरा-लेन्समध्ये घालू नकोस.

अमेरिकेतल्या बेसबॉलमधला रँडी जॉन्सन हे नाव कधी सापडलं तर वाच त्याच्याबद्दल. १९८८ ते २००९ वरच्या पातळीवर खेळला, २०१५ मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला, आणि खेळ सोडल्यावर व्यावसायिक फोटोग्राफर झाला. लोकांना वाटतं निवृत्तीनंतरचा छंद. पण तो कॉलेजात फोटोपत्रकारिताच शिकत होता. म्हणजे खेळाच्या आधीपासून ते त्याच्यात होतं, खेळून झाल्यावर तो परत तिथे गेला. घरचे "एक काय ते धर" म्हणतात तेव्हा हे सांगायला हरकत नाही.

कॅमेऱ्याकडे येतो. ६० हजारांतले निम्मेच खर्च कर. सेकंडहँड क्रॉप सेन्सरची (लहान सेन्सरची, म्हणून स्वस्त) बॉडी आणि ५० मिलिमीटर एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त आत येतो), बस. वर्षभर तेवढ्यावरच काम कर. ५० मिलिमीटरने लांबचं काही येत नाही, म्हणून तुला माणसाजवळ जावं लागेल, बोलावं लागेल. तुला आत्ता ते शिकायचं आहे. लांबची लेन्स लागेल तेव्हा एक-दोन दिवसांसाठी भाड्याने आण. विकत घेण्याआधी तिच्या वजनाशी आपलं जमतं का तेही कळेल.

सेकंडहँड लेन्स घेताना मोबाईलची टॉर्च एका बाजूने लावून दुसऱ्या बाजूने बघ. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे दिसले तर कितीही स्वस्त असली तरी परत दे. ती बुरशी असते आणि आपल्या हवेत ती थांबत नाही. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर कपाटातली चामड्याची चप्पलसुद्धा हिरवी होते. माझी पहिली चांगली लेन्स मी कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवली होती आणि चवथीला बाहेर काढली तेव्हा आत फुलं फुलली होती. उरलेल्या पैशांतून आधी हवाबंद पेटी, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा घे. काटा ४५ ते ५० टक्क्यांवर राहिला पाहिजे. जेल ओलं झालं की तापवून वाळवायचं. एक जादा बॅटरी आणि फोटो साठवायला एक हार्ड डिस्क, बाकी काही नको.

पुढे कधी दुसऱ्या संघांचा सामना काढायला बसलास तर थोडी आकडेमोड डोक्यात असू दे. धावणारा खेळाडू सेकंदाला ८ मीटर वेगाने जातोय, तर शटर एक हजारांश सेकंद उघडं असताना तो ८ मिलिमीटर सरकतो. चित्र स्वच्छ येतं. सेकंदाच्या अडीचशेव्या भागाला तो ३ सेंटिमीटरच्या वर सरकतो, चेहरा फिसकटतो. म्हणून दिवसा एक हजारांश किंवा त्याहून जलद. रात्री फ्लडलाइटमध्ये पाचशेव्या भागापर्यंत उतरावं लागेल आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची क्षमता, ३२००-६४०० वर न्यावा लागेल. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. जुन्या दिव्यांखाली आणखी एक गंमत होते: आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून ते दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात, आणि एकामागोमाग काढलेले फोटो एक पिवळट, एक काळसर असे येतात. कॅमेरा बिघडला असं समजू नकोस. बहुतेक नव्या कॅमेऱ्यांत यासाठी अँटी-फ्लिकर सेटिंग असतं, ते चालू कर.

बसायचं कुठे? गोलरेषेच्या मागे, कॉर्नर आणि गोलपोस्ट यांच्या मध्ये, जमिनीवर. उभं राहून काढलेल्या फोटोत मागे गवतच गवत येतं, खाली बसलं की खेळाडू आभाळाएवढा दिसतो. फातोर्ड्यासारखं १०५ मीटरचं मैदान असेल तर मधली रेषा तुझ्यापासून ५० मीटरहून थोडी लांबच असते. क्रॉप सेन्सरवर २०० मिलिमीटर लेन्स उभी धरली तर ५० मीटरवर फ्रेममध्ये ६ मीटर उंची मावते, त्यात माणूस जेमतेम एक तृतीयांश. २५ मीटरवर तोच माणूस निम्म्याहून जास्त फ्रेम भरतो. तेव्हा पलीकडच्या अर्ध्यातला खेळ सोडून द्यायचा. तिथे कितीही सुंदर गोल झाला तरी तो तुझा नाही. लेफ्ट बॅक असल्यामुळे आपली जागा धरून बसायची सवय तुला आहेच.

पण आपल्यासारख्यांना एक खास रोग असतो, तो सांगायलाच हवा. निवृत्तीनंतर मी पहिला पूर्ण सामना काढला तेव्हा ९०० फ्रेम घेतल्या. सामना ३-१ झाला होता. चारही गोलांच्या वेळी गोल मारणाऱ्याचा एकही फोटो माझ्याकडे नव्हता. सगळे फोटो त्या बचावपटूचे, ज्याच्या हातून माणूस सुटला होता. माझा डोळा आपोआप तिकडे गेला होता, कारण ११ वर्षं मी तेच बघत आलो होतो: कोण सुटला, कोण उशिरा वळला, रेषा कुणी मोडली. ज्यांनी काम दिलं होतं ते वैतागले, आणि त्यांचं बरोबर होतं. त्यांना गोल हवे होते.

घरी बसून मी ते फोटो पुन्हा पुन्हा पाहिले. बॉल जाळीत, सगळे पलीकडे धावतायत, आणि हा एकटा गुडघ्यावर हात ठेवून जमिनीकडे बघतोय. असा फोटो मी कुठे पाहिला नव्हता. त्यानंतर मी दोन्ही शिकलो. आधी कामाचा फोटो घ्यायचा, गोल मारणाऱ्याचा, आणि मग लगेच कॅमेरा वळवून माझा. तू लेफ्ट बॅक आहेस, तुझा डोळा विंगरच्या मागच्या मोकळ्या जागेकडे जाईल. जाऊ दे. काम पूर्ण करून जाऊ दे, एवढंच.

आतापर्यंतचं थोडक्यात: आपल्या संघाला कॅमेऱ्याबाहेर ठेव, अंगात असलेली नजर दुसरीकडे वापर, निम्म्या पैशात सुरू कर आणि उपकरणं पावसापासून सांभाळ. राहिल्या दोन गोष्टी, शरीर आणि कागद.

शरीराचं मी माझ्यापुरतं ठरवलेलं सांगतो. सामन्याच्या आधीचे दोन दिवस कॅमेरा पेटीत. त्यात तडजोड केली नाही. ७०-२०० एफ २.८ लेन्स साधारण दीड किलोची असते, एका खांद्यावर लटकवून तीन तास फिरलं की दुसऱ्या दिवशी पाठ एका बाजूने आखडते. मांडी घालून दीड तास बसलं की हॅमस्ट्रिंग ताठते. याहून घातक म्हणजे रात्रीचं एडिटिंग. फोटो काढताना दोन तास जातात आणि निवडताना चार, आणि ते चार नेहमी रात्री दहानंतरचेच असतात. माझा खेळ खरोखर कशाने बिघडला असेल तर त्या हुकलेल्या झोपेने. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी, जेव्हा फिजिओ हलकं चालायला सांगतो, तेव्हा ५० मिलिमीटर लावून बाजारातून फेरी मार. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार मी असाच जवळजवळ पाठ केला. फोटो निवडणं दुपारी करायचं आणि रात्री संगणक बंद.

कागदाचं असं आहे. क्लबबरोबरचा तुझा करार काढून नीट वाच. इमेज राइट्स (तुझं नाव आणि चेहरा वापरण्याचा हक्क), सोशल मीडिया, बाहेरचं काम या तीन गोष्टींवर काय लिहिलंय बघ. काही करारांत बाहेरचं कुठलंही उत्पन्न आधी कळवायचं असतं. फोटोंच्या मालकीबद्दल १९५७चा कॉपीराइट कायदा बऱ्यापैकी स्पष्ट आहे. तू स्वतःच्या वेळात स्वतःसाठी काढलेला फोटो तुझा, आणि त्याचा हक्क तुझ्या हयातीत आणि मृत्यूनंतर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपासून ६० वर्षं राहतो. पण कुणी पैसे देऊन तुझ्याकडून फोटो काढून घेतला, आणि वेगळं काही ठरलं नसेल, तर पहिला मालक पैसे देणारा. नोकरीचा भाग म्हणून काढलास तर नोकरी देणारा. बहुतेक तरुण मुलांना हे उलटं वाटतं. माझे एका हंगामाचे फोटो एका क्लबाने पुढे जाहिरातीत वापरले, नावही दिलं नाही. मी तावातावाने गेलो, तेव्हा कळलं की मी घेतलेल्या मानधनाबरोबर काही लिहूनच ठेवलं नव्हतं. तेव्हापासून दोन ओळींचा का होईना, निरोप लिहून पाठवतो: फोटो कशासाठी, किती काळासाठी, नाव कसं द्यायचं. समोरच्याने "ठीक आहे" लिहिलं की काम सुरू.

हे सगळं वाचून तुला वाटेल, एवढ्या अटी पाळून करायचं तरी कशाला? मला एक दृश्य आठवतं. गोव्याने १९८३ मध्ये बंगालबरोबर संयुक्तपणे संतोष चषक, म्हणजे राज्यांच्या संघांमधली फुटबॉल स्पर्धा, जिंकला, पुढच्याच वर्षी एकट्याने. त्या काळात खेळलेल्या माणसांच्या घरी मी जातो. सोप्यावर, देवांच्या तसबिरींच्या शेजारी, एकच फोटो असतो: मागची रांग उभी, पुढची बसलेली, मध्ये बॉल आणि चषक. चेहरे गंभीर. मी विचारतो, खेळतानाचा एखादा आहे का? बहुतेकांकडे नसतो. वीस-वीस वर्षं खेळलेला माणूस, आणि धावतानाचा एक फोटो नाही. मग ते उठून अंगणात जातात आणि पंचाहत्तराव्या वर्षी तो टॅकल कसा मारला ते करून दाखवतात. मी तोच काढतो. त्यांच्या कंबरेत तो खेळ अजून असतो, आणि तो ओळखायला आपल्यासारखा कुणीतरी लागतो. तुझ्या तालुक्यातही अशी घरं असतील. रविवारी सामना नसेल तेव्हा एकेक गाठ. त्यांच्यासाठी तू रेघेच्या कुठल्याच बाजूला नसतोस, घरचाच असतोस.

शेवटी कोचचं. गुपचूप घेऊ नकोस. चार दिवसांत कळतंच, आणि मग तू काय लपवतोयस हाच प्रश्न मोठा होतो. सराव संपल्यावर सगळे गेले की जा आणि तीन गोष्टी सांग: मी कॅमेरा घेतोय, आपल्या संघाचे फोटो काढणार नाही, सामन्याआधीचे दोन दिवस त्याला हात लावणार नाही. परवानगी मागू नकोस, माहिती दे. मी माझ्या कोचना असंच सांगितलं होतं, गोलकीपरचं प्रकरण झाल्यावर, उशिरा. ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बुधवारी डाव्या बाजूचा सराव आहे, वेळेवर ये." मी सव्वासहालाच मैदानावर होतो.